जहाज चार वाजता सुटतं

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. दहावी, १९९६ची तुकडी.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू अमेरिकेत राहून आलीस, परदेशाबद्दल काहीतरी बोल. पण पंधरा मिनिटांत आटप. जेवायला भरीत-पुरी आहे, गार होईल." भरिताशी स्पर्धा करायची माझी हिंमत नाही. म्हणून अमेरिका बाजूला ठेवते. मेक्सिकोतल्या एका बंदरावर मी आठ तास होते, तेवढंच सांगते.

२०१६ ते २०१९ मी कंपनीच्या कामासाठी ह्यूस्टनला होते. २०१८ मध्ये आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तिथे आईला घरात बसून कंटाळा यायचा. शेजारी कोण राहतं ते सहा महिन्यांत कळलं नाही, दारावर भाजीवाला नाही, ओट्यावर बसायची सोय नाही. मग ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही तिला क्रूझवर न्यायचं ठरवलं. ह्यूस्टनपासून तासाभरावर गॅल्व्हेस्टन बंदर आहे. तिथून पाच दिवसांचं जहाज निघतं आणि मेक्सिकोच्या युकातान भागातल्या दोन बंदरांना थांबून परत येतं. त्यातलं एक बंदर म्हणजे प्रोग्रेसो.

आपण खानदेशी माणसं. आपलं पाणी म्हणजे तापी, गिरणा, पांझरा आणि मेहरुणचा तलाव. समुद्र बघायचा तर रात्रभर रेल्वेत बसून मुंबई गाठायची. त्यामुळे सकाळी उठल्यावर खिडकीतून चारही बाजूंना पाणी बघून आईने पहिल्यांदा काय केलं असेल, तर हात जोडले. दुसरा प्रश्न विचारला, "एवढ्या पाण्यात रस्ता सापडतो कसा यांना?"

प्रोग्रेसोला जहाज सकाळी आठला लागलं. मला वाटलं, उतरलं की गाव. पण गाव दिसेना. समोर समुद्रात सरळ गेलेला लांबच लांब धक्का, आणि क्षितिजावर एक पांढरी रेघ. ती रेघ म्हणजे गाव. हा धक्का सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे, जगातल्या सर्वांत लांब धक्क्यांपैकी एक. कारण सोपं आहे. युकातानची जमीन चुनखडीची आणि जवळजवळ सपाट. ती समुद्राखालीही तशीच हळूहळू उतरत जाते. किनाऱ्याजवळ मोठ्या जहाजाला पुरेल एवढं खोल पाणीच नाही. जहाज गावापर्यंत येऊ शकत नाही, म्हणून गावाने जहाजापर्यंत रस्ता नेला. त्या रस्त्यावर चालू देत नाहीत, फुकट बस असते.

इथे माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. नंतर वाचून काढलं. या धक्क्याचा जुना भाग, दोन किलोमीटरच्या आसपास, १९३७ ते १९४१ या काळात एका डॅनिश कंपनीने बांधला. खाऱ्या पाण्यात काँक्रीटच्या आतली लोखंडी सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. त्या लोकांनी त्या काळात सळईच स्टेनलेस स्टीलची वापरली. खर्च कितीतरी जास्त. पण तो भाग ऐंशी वर्षांनीही उभा आहे. शेजारी नंतरच्या काळात साध्या सळईचा एक धक्का बांधला होता, तो खचून गेला. बसमधून जाताना यातलं काही दिसत नाही. वरून दोन्ही काँक्रीट सारखीच.

गावात उतरलो. समुद्राकाठी लांब फरसबंद रस्ता, त्यावर दुकानंच दुकानं. टोप्या, शंखांच्या माळा, चांदीचे दागिने, वाखाच्या पिशव्या, मालिश करणारे, गाणं म्हणणारे. सगळे आमच्याकडे बघून हाका मारत होते. आई साडीत होती, त्यामुळे आमच्याकडे जरा जास्तच लक्ष.

आम्ही एक गाडी ठरवली आणि मेरिदा शहराच्या दिशेने निघालो. वाटेत मायांच्या जुन्या नगराचे अवशेष आहेत, झिबिलचाल्तुन नावाचे, ते बघायचे होते. रस्त्याच्या कडेला शेतं सुरू झाली आणि आई एकदम ओरडली, "अव माय, हाई ते आपलं घायपात शे!"

खरंच घायपात. आपल्याकडे रेल्वेच्या कडेला आणि शेताच्या बांधावर असतं तसंच, पण ओळीने लावलेलं. माझ्या आईचं माहेर अमळनेर तालुक्यातलं. तिच्या लहानपणी घायपाताची पानं कुजवून, ठेचून त्याचा वाख काढायचे आणि बैलांचे कासरे वळायचे. पोळ्याच्या आधी घरात तेच काम. तिच्या दृष्टीने मेक्सिको त्या क्षणी परदेश राहिला नाही.

गाडीवाल्याला थोडं इंग्रजी येत होतं. त्याने सांगितलं, या झाडाला ते हेनेकेन म्हणतात, आणि एकेकाळी याला 'हिरवं सोनं' म्हणायचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत गहू कापून पेंढ्या बांधणारी यंत्रं आली. त्यांना सुतळी लागायची. ती सुतळी युकातानच्या घायपाताची. सगळ्या जमिनीवर एकच पीक. जमीनदारांनी मेरिदात महाल बांधले, ते आजही उभे आहेत. ज्यांनी पानं कापली ते माया मजूर मात्र कर्जात अडकलेले, मालकाची वाडी सोडून जायची मुभा नाही. माल जायचा तो याच प्रोग्रेसो बंदरातून. पुढे आफ्रिकेत आणि ब्राझीलमध्ये याच जातकुळीचं झाड पिकू लागलं, मग प्लास्टिकचा धागा आला, आणि हिरवं सोनं संपलं. आता बंदरावर सुतळीऐवजी आमच्यासारखे प्रवासी उतरतात.

मला आपला कापूस आठवला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि खानदेशच्या कापसाला न भूतो असा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला. पुढे गिरण्या आल्या. जळगावची खानदेश मिल, धुळ्याची प्रताप मिल. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांची घड्याळं गिरणीच्या भोंग्यावर लावलेली असायची. आपण शाळेत होतो तोवर ते दिवस सरत आले होते.

झिबिलचाल्तुनला एक कुंड आहे. चुनखडीचं छत कोसळून आतलं पाणी उघडं पडतं, त्याला तिकडे सेनोते म्हणतात. युकातानच्या या उत्तर भागात जमिनीवर नद्याच नाहीत. सगळं पाणी जमिनीखाली. आणि अशी कितीतरी कुंडं मिळून नकाशावर एक मोठी अर्धवर्तुळाकार माळ तयार होते.

आता आपल्या भूगोलाच्या सरांसाठी हे सांगते. सर पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुम्ही आम्हाला लोणारला सहलीला नेलं होतं. अशनी पडून खड्डा झाला, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, असं तुम्ही काठावर उभं राहून सांगितलं, आणि आम्ही मागे चिंचा खात होतो. त्या कुंडांच्या माळेचं कारण तेच आहे सर, फक्त आकार मोठा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तिथे एक लघुग्रह आदळला. खड्डा साधारण १८० किलोमीटर व्यासाचा. त्याला नाव दिलंय चिक्शुलुब, त्याच भागातल्या एका गावावरून. डायनोसॉर संपले ते यामुळे असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. आणि त्याच काळात इकडे दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता. ज्या बेसाल्टमध्ये अजिंठ्याची लेणी कोरली, ज्यातून आपली काळी कापसाची जमीन झाली, तो हाच लाव्हा. त्याचाही त्या विनाशात किती वाटा होता यावर अजून वाद चालू आहे. म्हणजे डायनोसॉरच्या खटल्यात दोन आरोपी, एक प्रोग्रेसोचा आणि एक आपला. सर, तेव्हा चिंचा खाल्ल्या त्याबद्दल माफ करा, पण धडा लक्षात राहिला.

गंमत अशी की प्रोग्रेसोला हा खड्डा दिसतच नाही. त्याच्यावर जवळजवळ एक किलोमीटर जाडीचा गाळ आणि चुनखडी साठली आहे. तेल शोधणाऱ्यांच्या मोजणीत १९७०च्या दशकाच्या शेवटी तो लक्षात आला, आणि तो विनाशाच्या काळातलाच असावा असं मांडणारा शोधनिबंध यायला १९९१ उजाडलं. आम्ही त्याच्यावर उभं राहून आईस्क्रीम खाल्लं.

दुपारी परत गावात आलो. एका बाईंच्या टपरीवर मक्याच्या भाकरी, म्हणजे तोर्तिया, आणि काळ्या घेवड्याची उसळ मिळाली. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून मग वाटतात. आईने खुणेनेच सगळी कृती विचारून घेतली. शेजारी वाटीत मिरचीची चटणी होती. त्या बाईंनी हाताने 'थोडीच' अशी खूण केली. आई म्हणाली, "आम्ही खानदेशचे," आणि चमचाभर घेतली. ती हाबानेरो मिरची होती. पुढची दहा मिनिटं खानदेशची अब्रू पाणी पिण्यात गेली. त्या बाई हसून हसून रडल्या, आणि आईही.

गावात सगळीकडे झेंडूचे ढीग होते. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, तिथून आपल्याकडे आला. आपण तो दसऱ्याला दाराला बांधतो. त्यांच्याकडे १ आणि २ नोव्हेंबरला गेलेली माणसं घरी येतात अशी श्रद्धा आहे. त्यांच्यासाठी फुलं मांडतात, आवडीचे पदार्थ करून ठेवतात. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे सर्वपित्री." तिने दोन फुलं विकत घेतली. कशासाठी ते मी विचारलं नाही.

शेवटी वाखाची पिशवी घ्यायला एका दुकानात गेलो. दुकानदार बाई आईच्याच वयाच्या. एक शब्द समान नाही, तरी दोघी खुर्च्यांवर बसून बोलत होत्या. त्या बाईंनी मोडक्या इंग्रजीत मला सांगितलं, आज जहाज आहे म्हणून दुकान उघडलं, उद्या जहाज नाही, उद्या बंद. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून म्हणाल्या, "चार?" आमचं जहाज किती वाजता सुटतं ते त्यांना माहीत होतं. त्या रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. आईने मान हलवली. त्या बाईंनी पिशवीच्या किमतीत थोडं कमी केलं, आईचा हात दोन्ही हातांत धरला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

जहाजावर फुलं नेऊ देत नाहीत असं कळलं. आईने ती धक्क्यावरून पाण्यात सोडली.

संध्याकाळी आम्ही वरच्या मजल्यावर उभे होतो. भोंगा झाला. गावाची पांढरी रेघ बारीक होत गेली. मी म्हणाले, "छान होतं ना गाव? सगळं बघून झालं." आई कठड्याला टेकून बघत होती. ती म्हणाली, "तू बी आशीच येस ना व माय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी पुण्यात असताना दिवाळीला जळगावला यायचे. शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्सने निघायचं, शनिवारी सकाळी घरी. नवीपेठेत खरेदी, शेव, पापड, एक दिवस मावशीकडे जेवण, मेहरुणच्या तलावावर एक फोटो. रविवारी रात्री परत ट्रॅव्हल्स. मी दारात चप्पल काढते न काढते तोच आई विचारायची, "परतीची गाडी कधीची?" मी समजायचे की आई काळजीपोटी विचारते. ती त्या दुकानातल्या बाईंसारखी घड्याळ बघत होती. किती वेळ दुकान उघडं ठेवायचं त्याचा हिशोब करत होती.

हे सगळं कळूनही मी फार बदलले असं नाही. २०१९ मध्ये पुण्याला परत आले आणि पुन्हा तेच सुरू झालं. माणूस एका वाक्याने सुधारत नाही.

२०२३च्या जुलैमध्ये आई रात्री न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिने मला फोन केला नाही. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीला केला. ती आज इथे बसली आहे, नाव घेऊ नको अशी तिची ताकीद आहे. ती रात्री दीड वाजता गेली, नवऱ्याला घेऊन, रिक्षा नाही म्हणून शेजाऱ्याची गाडी काढून. दवाखान्यात भरती केलं, कागदावर सही केली, नात्याच्या रकान्यात 'मुलगी' लिहिलं. मला सकाळी सहाला फोन आला. मी दुपारी तीनला पोहोचले. तोवर ऑपरेशनची वेळ ठरली होती, रक्ताची सोय झाली होती, आणि ती सोय करणारा आपल्याच वर्गातला, स्पेअर पार्टच्या दुकानाचा मालक होता. त्याच्याशी मी अठ्ठावीस वर्षांत दोन वेळा बोलले असेन.

मी सात आठवडे जळगावला राहिले. लॅपटॉप उघडून काम इथूनच केलं. तेव्हा पहिल्यांदा मला माझं गाव मोठेपणी दिसलं. आईचं औषध कोण आणतं ते कळलं. दुधाचा हिशोब कॅलेंडरवर कोण लिहितं ते कळलं. रावेरकडे केळी करणारा आपला एक मित्र एका संध्याकाळी भेटायला आला. जूनमधल्या वादळात त्याची निसवलेली बाग अर्धी आडवी झाली होती. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन २०१६ मध्ये मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान, व्हॉट्सॲपवर मी तेव्हा टाळ्याही पाठवल्या होत्या. पण झाड पडल्यावर मजुरी देऊन ते उचलायचं की तसंच सोडायचं, हा प्रश्न त्याच्या तोंडून ऐकल्यावर मला ते युकातानचं घायपात आठवलं. एका पिकावर उभं असलेलं घर कसं रात्री झोपत नसेल ते आठ तासांच्या सहलीत मला दिसलं नव्हतं, आणि माझ्या दिवाळीच्या दोन दिवसांतही नाही.

एका मराठी माणसाबद्दल सांगते. पांडुरंग खानखोजे, वर्ध्याचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांमुळे देशात येता येईना, म्हणून १९२४च्या सुमारास मेक्सिकोला गेले. चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या मोठ्या चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं. ते तिथे थांबले होते. मी त्याच देशात गेले आणि पिशवी घेऊन आले.

आपण सगळे परत येऊन इथे राहू असं मी म्हणणार नाही. मीही येणार नाहीये, माझी मुलगी पुण्यात अकरावीला आहे. पण दोन गोष्टी सांगायला आले आहे.

पहिली. जे इथे राहिले, त्यांना आपण व्हॉट्सॲपवर कामं सांगतो. आईला जरा बघून ये, घराची किल्ली दे, सातबारा काढून पाठव. ती कामं ते करतात, आणि आपण हात जोडलेलं चित्र पाठवतो. ती माणसं आपल्यासाठी बंदरावर दुकान उघडून बसलेली नाहीत. त्यांची स्वतःची रात्र दीड वाजता मोडते. धक्क्याच्या आत कोणती सळई आहे ते मला वाचून कळलं. आपल्या गावाच्या आत कोणती आहे ते त्या जुलैत कळलं.

दुसरी. मागच्या टेबलावर मी एक साधी वही ठेवली आहे. ॲप केलेलं नाही, निराश होऊ नका. वहीत दोन याद्या आहेत. एकीत, ज्यांचे आईवडील जळगाव-धुळ्याला एकटे राहतात त्यांनी पत्ता, फोन आणि डॉक्टरांचं नाव लिहायचं. दुसरीत, बाहेर राहणाऱ्यांनी वर्षातला एक आठवडा लिहायचा, जेव्हा ते सणासुदीशिवाय इथे येऊन राहतील. त्या आठवड्यात पहिल्या यादीतल्या घरांची पाळी त्यांची. इथल्या मंडळींना तेवढे दिवस सुट्टी. मी पहिलं नाव लिहिलं आहे, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. त्यातले दोन दिवस शाळेत आठवीच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवेन, मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे.

आई आज आली आहे, तिसऱ्या रांगेत, काठी घेऊन. परवा मी आले तेव्हा तिने नेहमीचा प्रश्न विचारला, परतीची गाडी कधीची. मी म्हणाले, अजून तिकीट काढलेलं नाही. तिने काही उत्तर दिलं नाही. आत गेली आणि कळण्याचं पीठ भिजवायला घेतलं.

भरीत गार होतंय. वही मागे आहे, पेन दोरीने बांधलं आहे, कारण आपला वर्ग मला माहीत आहे.